सोक्षमोक्ष लागेपर्यंत

डिसेंबरचा मध्य. पुण्यात पहाटेचे साडेपाच, बाहेर मिट्ट काळोख आणि आमच्या ताईच्या घरात सगळे दिवे लागलेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात वाजत होते आणि तिथल्या एका विद्यापीठाच्या प्रवेशाचा निकाल त्याच क्षणी पोर्टलवर लागणार होता. भाची लॅपटॉपसमोर, ताई देवापाशी आणि भावोजींनी तिसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलेलं. अर्ज १ नोव्हेंबरला गेला होता. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत पोरीचं जेवणावरचं लक्ष उडालं, झोप तुटक झाली. आदल्या रात्री ती मला म्हणाली, "मावशी, नाही म्हणाले तरी चालेल गं, पण एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

नकार चालेल, पण वाट पाहणं नको, हे ऐकायला विचित्र वाटतं. मात्र तिचं शरीरही तेच सांगत होतं, आणि ते प्रयोगशाळेत मोजताही आलेलं आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना एक संगणकीय खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचे. दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे प्रमाण खेळ चालू असताना बदलत राहायचं. खेळणाऱ्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजून त्यांच्यावरचा ताण नोंदवला गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की झटका बसणारच हे ठाऊक असताना जितका ताण येत होता, त्याहून जास्त ताण शक्यता अर्धी-अर्धी असताना येत होता. जीव टांगणीला लागतो म्हणतात, तो नेमका इथे.

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर चढत-उतरत होता, त्यांचे सापाबद्दलचे अंदाज जास्त बरोबर येत होते. म्हणजे हा ताण निरुपयोगी नाही. ‘इथलं गणित अजून कळलेलं नाही, डोळे उघडे ठेव’ अशी ती शरीराने दिलेली हाक आहे. रानावनात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या ती कामी आली असणार.

प्रवेशाच्या निकालाची वाट पाहताना मात्र डोळे उघडे ठेवून कळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. अर्ज गेला, निबंध गेला, शिफारसपत्रं गेली. तरी हाक थांबत नाही. मग मूल स्वतःच दगड शोधून उलटत बसतं. पोर्टल पुन्हा उघडतं, पाठवलेला निबंध वाचून त्यातली स्वल्पविरामाची चूक हुडकतं, मागच्या वर्षी कोणाला किती गुण होते ते पाहतं. मोबाइल तपासण्याच्या या सवयीला मोठी माणसं ‘चाळा’ म्हणतात. मला ते म्हणणं अन्यायाचं वाटतं. मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास करणाऱ्या वुल्फ्राम शुल्त्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली माकडांमध्ये दाखवलं होतं, की बक्षीस मिळू शकेल असं सुचवणारी खूण दिसल्यापासून बक्षिसाच्या क्षणापर्यंत या पेशींची हालचाल हळूहळू वाढत जाते आणि बक्षीस मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असते तेव्हा ती सर्वाधिक असते. भीती आणि आशा, दोन्हींचे धागे अनिश्चिततेपाशीच सर्वांत ताणले जातात.

कोणी म्हणेल, इथे शक्यता अर्धी-अर्धी कुठे असते? बरोबर आहे. डिसेंबर २०२३मध्ये हार्वर्डकडे लवकरच्या फेरीत, म्हणजे नोव्हेंबरात अर्ज आणि डिसेंबरात निकाल अशा फेरीत, ७,९२१ अर्ज आले होते आणि प्रवेश मिळाला ६९२ जणांना, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. पण ही सरासरी झाली. आपलं मूल त्या ढिगात नेमकं कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि ‘होईल की नाही’ हा प्रश्न घरात टक्केवारीत विचारला जात नाही. शिवाय उत्तरं दोन नसून तीन असतात. होकार, नकार आणि ‘डिफर्ड’, म्हणजे अर्ज मार्चअखेरच्या नेहमीच्या फेरीत पुन्हा पाहू. त्या वर्षी हार्वर्डने ज्यांना घेतलं नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांना हेच तिसरं उत्तर मिळालं. सहा आठवडे वाट पाहून हाती काय आलं, तर आणखी साडेतीन महिने वाट पाहणं.

वाट पाहणाऱ्या माणसांवर बहुधा सर्वांत चिकाटीने काम केलं आहे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी. कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळण्यासाठी जुलैत परीक्षा देतात आणि निकाल लागतो नोव्हेंबरात. २०१३ साली ही परीक्षा दिलेल्या २३० जणांना त्यांनी त्या चार महिन्यांत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. लोकांनी सगळे उपाय करून पाहिले होते. मन दुसरीकडे वळवणं, भावना दाबणं, ‘जे होईल ते चांगल्यासाठीच’ असं स्वतःला समजावणं. घालमेल कमी करण्यात यातलं जवळजवळ काहीच उपयोगी पडलं नाही. उलट ज्यांनी ते महिने धाकधुकीत काढले, त्यांनी वाईट निकाल जास्त नेटाने पेलला आणि चांगला निकाल आला तर त्यांचा आनंदही मोठा होता. म्हणून ‘काळजी करू नकोस’ हे वाक्य आपण घरातून हद्दपार करावं, असं मला मनापासून वाटतं. ते मुलाला ताणातून सोडवत नाही. वर, आपल्याला काळजी वाटते म्हणजे आपलंच काही चुकतंय, ही आणखी एक काळजी त्याच्या डोक्यावर ठेवतं.

निकालाचा दिवस जवळ आला की पोरं अचानक ‘माझं काही होणार नाही’ म्हणू लागतात, तेही असंच. विद्यार्थ्यांना परीक्षेतल्या स्वतःच्या गुणांचा अंदाज विचारला, तर तो आधी चढा असतो आणि गुण हाती पडायच्या बेतात असताना घसरतो, हे १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं आहे. पडण्याआधी हात पुढे करावेत, तसं मन हात पुढे करतं. त्या वेळी ‘असं अभद्र बोलू नकोस’ म्हणून दटावू नये.

एक उपाय मात्र स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खरोखर उपयोगी पडताना दिसला, आणि तो म्हणजे तल्लीनता. नुसतं मन रमवणं वेगळं. टीव्ही समोर चालू असतो आणि डोकं पोर्टलवरच असतं. तल्लीन व्हायला काम आपल्या कुवतीच्या किंचित पुढचं लागतं. फार सोपं असेल तर मन भटकतं, फार अवघड असेल तर वैतागतं. या टीमने एका प्रयोगात लोकांना टेट्रिस हा संगणकीय खेळ खेळायला दिला. ज्यांचा खेळ त्यांच्या कौशल्याप्रमाणे अवघड होत गेला, त्यांना वाट पाहण्याचा तो वेळ इतरांपेक्षा सुसह्य गेला. तल्लीनतेची ही कल्पना मांडणाऱ्या मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद आणि कडे चढणारे गिर्यारोहक यांच्याशी बोलून ती घडवली होती.

आणि नकार आलाच तर? त्याचं दुःख किती दिवस टिकेल, याचा अंदाज आपण नेहमी जास्तच बांधतो. हार्वर्डमध्येच याचा सुंदर पुरावा मिळाला. तिथे पहिल्या वर्षानंतर विद्यार्थ्यांना चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने १२ वसतिगृहांत वाटतात. कुठलं मिळतं यावरून मुलांचा जीव खालीवर होतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००३ साली दाखवलं, की नावडतं वसतिगृह मिळालं तर आपण पुढे दुःखी असू, असं मुलांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात वर्षभराने आवडतं आणि नावडतं मिळालेल्यांच्या समाधानात फरक दिसला नाही. अंदाज बांधताना त्यांनी इमारत पाहिली होती. मित्र, गप्पा, रोजचं जेवण हे सगळीकडे सारखंच असणार, हे हिशेबात धरलं नव्हतं.

कमाईचं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांना असं आढळलं, की ज्यांना सारख्याच विद्यापीठांनी घेतलं आणि नाकारलं होतं असे विद्यार्थी एकमेकांशी ताडून पाहिले, तर जास्त नामांकित ठिकाणी शिकल्याने बहुतेकांची सरासरी कमाई वाढत नाही. गरीब किंवा कमी शिकलेल्या घरांतल्या मुलांना मात्र फायदा होतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली अशा नामांकित विद्यापीठांच्या प्रतीक्षा यादीतून प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा प्रवेश मिळालेल्यांच्या कमाईच्या सरासरीत फारसा फरक नसला, तरी सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसली. तेव्हा ‘काही फरक पडत नाही’ असं मुलाला सांगणं खरं नव्हे. मुलाला वाटतो तितका फरक पडत नाही, एवढं आपण प्रामाणिकपणे सांगू शकतो.

त्या पहाटे भाचीला तिसरं उत्तर आलं. ती रडली, मग चहा प्यायली, मग जानेवारीत मुदत संपणाऱ्या अर्जांची यादी काढून बसली. मार्चपर्यंत पुन्हा तीच धाकधूक असणार, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं आणि तिला कोणी धीर दिला नाही. आता ती आठवड्यातून तीनदा प्रस्तरारोहणाच्या भिंतीवर जाते. दोरीला बांधलेली, बोटं खडूने पांढरी झालेली, पुढची खोबण कुठली एवढंच पाहत असते. फोन खाली माझ्या पिशवीत असतो.