चंद्रावरचा प्लॉट आणि सातबारा

‘अंतराळ करारात बंदी फक्त देशांना आहे, माणसांना नाही, म्हणून चंद्रावर जमीन विकत घेता येते.’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा अर्धा भाग खराच आहे, म्हणून तो पटतो.

१९६७ च्या बाह्य अंतराळ कराराचं कलम २ सांगतं की, कोणताही देश सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर करून, ताबा घेऊन किंवा अन्य कुठल्याही मार्गाने अंतराळ किंवा चंद्र आपल्या मालकीचा करू शकत नाही. तिथे व्यक्तीचा उल्लेख नाही, हे कबूल.

पण जमिनीची मालकी येते कुठून? आपल्याकडे सातबारा चालतो, कारण त्यामागे सरकार उभं असतं. चंद्रावर कुठल्याच सरकारची हद्द नाही, मग तिथला फेरफार नोंदवणार कोण? शिवाय कलम ६ नुसार खासगी संस्थांच्या अंतराळातल्या कामांची जबाबदारी त्यांच्या देशावरच येते. पळवाट तिथे बुजते.

खणून काढलेल्या खनिजांचा प्रश्न मात्र वेगळा आणि खरोखर वादाचा आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये अशा मालावर खासगी हक्क मानणारे कायदे केले. चंद्राला ‘मानवजातीचा सामायिक वारसा’ म्हणणारा १९७९ चा करार मोजक्याच देशांनी स्वीकारला. भारताने सही केली, पण अनुसमर्थन (करार स्वतःवर बंधनकारक करणारी अंतिम मंजुरी) दिलेलं नाही.

पडताळायचं असेल तर १९६७ चा करार नेटवर मोफत आहे, कलमं जेमतेम सतरा. आणि चंद्रावरच्या प्लॉटचं विकत घेतलेलं प्रमाणपत्र हातात असेल तर त्यावर कुठल्या सरकारी निबंधकाचा शिक्का आहे, तेवढं बघा. भेट म्हणून भिंतीवर ते छानच दिसतं.