भारतीय लष्करी अकादमी, डेहराडून : स्थापना आणि आरंभीचा काळ

भारतीय भूसेनेचे अधिकारी घडवणारी संस्था. १ ऑक्टोबर १९३२ रोजी ४० छात्रांनिशी तिचे काम सुरू झाले आणि १० डिसेंबर रोजी सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांनी तिचे रीतसर उद्घाटन केले. ब्रिगेडियर एल. पी. कॉलिन्स हे पहिले प्रमुख. रेल्वे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बांधलेली, पण रिकामी पडलेली इमारत आणि तिच्या भोवतालची २०६ एकर जागा संस्थेला आयतीच मिळाली.

पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी शिपायाची धाव फार तर सुभेदार-मेजर किंवा रिसालदार-मेजर या पदापर्यंत. केस पांढरे झालेला सुभेदारही कालपरवा बोटीतून उतरलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालचाच. लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये इम्पीरियल कॅडेट कोअर काढली खरी, पण ती राजघराण्यांतील आणि सरदार घराण्यांतील मुलांसाठी होती, आणि ब्रिटिश सैनिकांवर हुकूम चालवण्याचा अधिकार तिथून मिळणाऱ्या सनदेत, म्हणजे अधिकारीपदाच्या नेमणूकपत्रात, नव्हता. १९१८ मध्ये इंदूरच्या डेली कॉलेजात तात्पुरता वर्ग उघडला. पुढे सरसेनापती झालेले करिअप्पा याच वर्गातले. त्याच सुमारास इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी मुलांसाठी वर्षाला १० जागा ठेवण्यात आल्या. पण तिथला खर्च मोठा, वातावरण परके, आणि नापास होणारेही पुष्कळ. मुलांची आधीच तयारी व्हावी म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स मिलिटरी कॉलेज निघाले.

एकही गोरा अधिकारी हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली येऊ नये, ही खरी अडचण होती. १९२३ मध्ये हिंदी अधिकाऱ्यांसाठी फक्त आठ पलटणी व रिसाले राखून ठेवले गेले, ते याच धास्तीपोटी. मोतीलाल नेहरू व जीना सदस्य असलेल्या स्कीन समितीने भारतातच सँडहर्स्टसारखे महाविद्यालय काढण्याची शिफारस १९२७ मध्ये केली. सरकारने ती बाजूला सारून सँडहर्स्टच्या जागा तेवढ्या वाढवल्या. हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो पहिल्या गोलमेज परिषदेत. त्यानंतर अशा महाविद्यालयाची योजना आखण्यासाठी १९३१ मध्ये नेमलेल्या चेटवुड समितीवर नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे होते. लष्करी शिक्षण हा त्यांचा ध्यासच होता; नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल त्यांनी पुढे १९३७ मध्ये उभी केली.

समितीच्या योजनेनुसार दर सहामाहीला ४० छात्र घ्यायचे होते : १५ खुल्या स्पर्धा परीक्षेतून, १५ सैन्यातील शिपायांतून आणि १० संस्थानी फौजांतून. शिक्षणक्रम अडीच वर्षांचा होता. शिपायांना दिलेला हा वाटा योजनेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. पहिल्या तुकडीतले मुहम्मद मूसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन हे दोघेही शिपाईगिरीतून वर आले होते. मूसा पाकिस्तानचे सरसेनापती झाले, डन ब्रह्मी सैन्याचे. याच तुकडीतले सॅम माणेकशा भारताचे लष्करप्रमुख आणि पुढे फील्ड मार्शल झाले.

अकादमी मिळाली, पण तिची किंमतही मोजावी लागली. सँडहर्स्टचे दार हिंदी मुलांना बंद झाले. डेहराडूनची सनद सँडहर्स्टच्या सनदेपेक्षा खालची धरली जाई : पगार कमी, आणि अधिकार फक्त हिंदी सैनिकांवर. भारतीयीकरण झालेल्या, म्हणजे हिंदी अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या, पलटणींत तर या अधिकाऱ्यांना सुभेदार-जमादारांच्या जागी प्लाटून या लहान तुकडीवर नेमत. ज्या वयात गोरा अधिकारी अनेक प्लाटूनची मिळून होणारी कंपनी सांभाळायचा, त्याच वयात हिंदी अधिकारी प्लाटूनवर अडकून राही. अनेकांना हा उघड अपमान वाटे, आणि तो होताही.

दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची निकड भासली तेव्हा ही बंधने सैल झाली. सगळ्या पलटणी हिंदी अधिकाऱ्यांना खुल्या झाल्या आणि अडीच वर्षांच्या शिक्षणक्रमाऐवजी अल्पमुदतीचे वर्ग सुरू झाले. तोवर, म्हणजे मे १९४१ पर्यंत, ५२४ अधिकारी येथून बाहेर पडले होते. त्यांपैकी प्रेमिंद्रसिंग भगत हे खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे. त्याच वर्षी आफ्रिकेतील आघाडीवर सलग चार दिवस सुरुंग काढून वाट मोकळी केल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.