दुसरं अपील की तक्रार? माहिती अधिकारात नवे पत्रकार इथेच फसतात

तालुक्याला बातमीदारी करणारा नवीन पोरगा भेटला की हमखास हाच किस्सा, अर्ज टाकला, 30 दिवस गेले, उत्तर नाही, मग भडकून डायरेक्ट माहिती आयोगाकडे तक्रार. मीपण हेच केलेलं. एका रस्त्याचं मोजमाप पुस्तक आणि ठेकेदाराची बिलं हवी होती, कार्यालय दाद देईना म्हणून कलम 18 खाली तक्रार ठोकली. कित्येक महिन्यांनी सुनावणी लागली, साहेबांना समज मिळाली आणि माझ्या हातात कागद एकही नाही. तोवर त्या रस्त्यावर दुसऱ्यांदा डांबर पडलेलं!

घोळ कुठे होतो सांगतो. दोन्ही जातं आयोगाकडेच, म्हणून एकच वाटतं. पण तक्रार ही अधिकाऱ्याविरुद्ध असते आणि अपील कागदांसाठी. 2011 मध्ये मणिपूरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने क्लिअर सांगितलंय की तक्रारीत आयोग दंड करू शकतो, माहिती द्या असा आदेश नाही. दंड दिवसाला 250, जास्तीत जास्त 25 हजार, आणि तोही सरकारजमा होतो हां, आपल्याला त्यातला रुपया नाही.

अपिलाची वाट मात्र पायरीपायरीची. आधी त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे पहिलं अपील, 30 दिवसांच्या आत, ते 30 नाहीतर फार तर 45 दिवसांत निकाल देणार, नाही दिला किंवा पटला नाही तर 90 दिवसांत आयोगाकडे दुसरं, कलम 19(3). महाराष्ट्रात दोन्हीला 20-20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आणि खरी गंमत, दुसऱ्या अपिलातही दंड मागता येतो, मग नुसती तक्रार कशाला? तक्रारीला कायद्यात मुदत नाही म्हणून माणूस निवांत बसतो, तिकडे अपिलाचे दिवस संपतात.

तक्रार कधी करायची? अर्जच घेत नाहीत, जनमाहिती अधिकारीच (अर्जाला उत्तर देणारा) नेमलेला नाही, फी अव्वाच्या सव्वा सांगतात, तेव्हा बिनधास्त करा.

माझं म्हणाल तर त्याच रस्त्यासाठी परत 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज दिला, आवक नंबर आणि शिक्क्यासकट पोच घेतली, पहिल्याच अपिलात फाईल मिळाली. उत्तराची 30 दिवसांची मुदत उलटून गेलेली, त्यामुळे पानाला 2 रुपये झेरॉक्सचे, तेसुद्धा त्यांना मागता आले नाहीत.