दांडे जड असले म्हणजे टांगा पक्का? नाही!

‘दांड्यांवर (घोड्याच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या गाडीच्या लांब लाकडांवर) भार असला की टांगा मागे कलत नाही, घोडं जमिनीला धरून चालतं,’ हे टांगेवाल्यांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. हे चूक आहे आणि त्याची किंमत मुकं जनावर मोजतं.

दोनचाकी गाडीचं वजन आसावर तोलायचं असतं. घोड्याने गाडी ओढायची, पाठीवर वाहायची नाही. सवाऱ्या बसल्यावर, सपाट जमिनीवर, दांड्याचं टोक हाताने उचलून बघा. सहज उचललं गेलं पाहिजे; जेमतेम दोन-चार किलोंचा भार. जोर लावावा लागला तर सवाऱ्या थोड्या मागे सरकवा. उलट दांडे आपणहून वर उठत असतील तर पुढे. दांडे वर उसळू नयेत यासाठी पोटाखालचा पट्टा असतोच.

तट्टू लहान, गाडी उंच असेल तर दांडे खाली झुकतात आणि सगळा भार पुढे येतो. अशा वेळी नुसता तंग (खोगीर बांधायचा पट्टा) आवळून काही होत नाही.

संध्याकाळी साज उतरवल्यावर खोगिराखाली हात फिरवा. कण्याच्या दोन्ही बाजूंना केस झिजलेले, कातडी गरम लागली, तर तोल चुकलाय. छातीचा पट्टाही तपासा: श्वासनळीच्या खाली, खांद्याच्या सांध्याच्या वर.