ग्रँड मरेचा फॉल

ग्रँड मरे हे मिनेसोटा राज्यातलं, लेक सुपीरियरच्या उत्तर काठावरचं छोटंसं बंदर. २०२० च्या जनगणनेत वस्ती १,३३७. डुलुथ शहराहून हायवे ६१ ने साधारण १७५ किमी. इथे फॉल, म्हणजे पानं रंगून गळायचा मोसम, दोन टप्प्यांत येतो, आधी डोंगरावर आणि मग काठावर, आणि हे सगळं त्या पाण्यामुळे. सुपीरियर ८२ हजार चौ. किमीचं आणि काही ठिकाणी ४०० मीटरहून जास्त खोल, त्यामुळे ते उन्हाळ्यात तापायलाही वेळ घेतं आणि नंतर थंड व्हायलाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आतल्या टेकड्यांवरचे मेपल लालभडक होतात तेव्हा काठावरचे बर्च आणि अ‍ॅस्पेन बऱ्यापैकी हिरवेच असतात, ते पिवळे होतात ऑक्टोबर उजाडल्यावर. त्यामुळे मिनिॲपोलिसची आपली मराठी मंडळी चार-साडेचार तास गाडी हाकून येतात आणि "अरे इथे तर अजून काहीच नाही" म्हणतात, त्यांनी काठ सोडून सरळ गनफ्लिंट ट्रेलने, म्हणजे गावातून आत टेकड्यांकडे जाणाऱ्या गाडीरस्त्याने, वर जावं. टॅमरॅक तर आणखी उशिरा, हे सूचिपर्णी झाड असूनही सोनेरी होतं आणि चक्क सगळी पानं गाळतं.

पण झाडं रंगायच्या आधीच कामं सुरू झालेली असतात. ऑगस्टच्या शेवटापासून आतल्या उथळ तळ्यांत जंगली तांदूळ पिकतो, इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. एक जण कनू ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या नावेत वाकवून झोडपतो, पिकलेले दाणे आत पडतात, बाकीचे पाण्यात पडून पुढच्या वर्षीचं बी होतात. मोटरबोट चालत नाही, राज्याचा कायदाच तसा आहे.

शिकारी पक्षीसुद्धा ह्या पाण्याला टरकून असतात. सरोवरावर ऊन तापून वर चढणारी हवा मिळत नाही, म्हणून दक्षिणेला निघालेले ससाणे वगैरे ते ओलांडत नाहीत, काठाकाठाने डुलुथकडे सरकतात आणि तिथल्या हॉक रिज नावाच्या टेकडीवर नुसती झुंबड उडते. सप्टेंबर २००३ मध्ये एका दिवसात लाखाच्या वर पक्षी मोजले होते.

नोव्हेंबरचा प्रकार वेगळाच. पाणी अजून तुलनेने उबदार, वरून कॅनडाची गार हवा, आणि त्यात मोठी वादळं. १० नोव्हेंबर १९७५ ला लोहखनिज घेऊन निघालेलं एडमंड फिट्झगेराल्ड हे जहाज ह्याच सरोवरात बुडालं, २९ च्या २९ माणसं गेली. ह्याच काठावरचं स्प्लिट रॉकचं दीपगृहही १९०५ च्या नोव्हेंबरातल्या वादळानंतरच बांधायला घेतलं, १९१० ला सुरू झालं. आता त्याचा दिवा एरवी बंद असतो, पण दर १० नोव्हेंबरला तो लावतात आणि बुडालेल्यांची नावं वाचतात. तोवर टेकड्यांवर बर्फ धरायला लागलेला असतो आणि खाली बंदरात कित्येकदा नुसताच पाऊस.