तलावांतील माशांचा वावर व अन्नजाळे (बेळगाव सीमाभाग)

तलावात कोण कोणाला खातो, या गुंतलेल्या संबंधांना अन्नजाळे म्हणतात. उन्हावर वाढणारे सूक्ष्म शैवाल म्हणजे वनस्पतिप्लवक हा त्याचा पाया. ते खाणाऱ्या बारीक जिवांना प्राणिप्लवक म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढी दिसणारी पाणपिसू त्यांतलीच. त्यांवर लहान मासे जगतात, लहान माशांवर मरळ, शिवडा हे मोठे शिकारी मासे, पाणकावळे आणि बगळे. मासा मात्र एकाच पायरीवर बसून राहत नाही. वय, ऋतू आणि जागा बदलली की त्याचे खाणे बदलते, आणि त्याबरोबर पाण्याची कळाही. म्हणून तळ्यात कोणते मासे आहेत याच्याइतकेच ते कुठे फिरतात हेही महत्त्वाचे ठरते.

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा पाऊस झेलणाऱ्या मलप्रभा, घटप्रभा आणि मार्कंडेय या नद्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या. मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यात कणकुंबीला होतो. मार्कंडेयवर बेळगाव शहराला पाणी पुरवणारा राकसकोप जलाशय आहे, घटप्रभेवर हिडकल आणि मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ. यांखेरीज गावोगावची तळी आहेतच.

या भागातली माशांची सर्वांत ठळक हालचाल म्हणजे चढण. मिरगाचा पाऊस लागला, ओढ्यांना गढूळ पाणी आले की नदीतले आणि तळ्यातले मासे प्रवाहाच्या उलट निघतात. ओहोळ, पाट, भाताची खाचरे गाठतात आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. खाचरात पाणी कोमट असते, मोठे शिकारी मासे कमी असतात आणि कुजणाऱ्या धसकटांवर सूक्ष्म जीव भराभर वाढतात. पिल्लांना तेच हवे असते. ओसरत्या पाण्याबरोबर ती खाली उतरतात तेव्हा शेतात खाल्लेले अन्न स्वतःच्या अंगातून तळ्यात नेतात. जमिनीवरचे सत्त्व पाण्यात पोचण्याची ही एक वाट आहे. चढणीचे मासे चवीने खाल्ले जातात, त्यात गैर काही नाही. पण ओहोळाच्या तोंडावर आडवे जाळे लावून अंड्यांनी भरलेली प्रत्येक मादी काढली, तर पुढच्या हंगामात कमतरता केवळ माणसाच्या ताटात दिसत नाही, मरळ आणि पाणकावळ्यांनाही ती भोगावी लागते. धरणाची भिंत हीच वाट कायमची अडवते.

कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. इथे ते आणून सोडलेले आहेत. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी कटकला संप्रेरक टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून मत्स्यबीज हवे तेव्हा मिळू लागले. तिघांचे चरण्याचे थर वेगळे आहेत. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि कल्ल्यांतल्या दाट काट्यांनी तो पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवक गाळून घेतो. रोहू मधल्या पाण्यात चरतो, मृगळ तळाशी. मृगळाचे पोट फाडले तर वेटोळ्यावेटोळ्यांचे लांबलचक आतडे निघते. त्यात काळसर गाळ, कुजकी पाने आणि शैवाल भरलेले असते. गाळातून पोषण काढायचे तर आतडे लांबच लागते.

प्लवक खाणारे मासे फार झाले की काय होते, हे ब्रूक्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमधील तळ्यांवरून दाखवले. मासे आधी ठळक दिसणारे मोठे प्राणिप्लवक टिपतात, मागे लहान उरतात. शैवाल फस्त करणारे मोठे जीव गेले की पाणी हिरवे व्हायला वाव मिळतो. मात्र हा नियम इकडे जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. उष्ण प्रदेशात अनेक मासे वर्षातून पुन्हा पुन्हा वितात, कित्येक स्वतःच शैवाल खातात आणि मोठी पाणपिसू मुळातच कमी असते. त्यामुळे शिकारी मासे वाढवून प्लवक खाणारे मासे कमी करायचे आणि पाणी नितळ करायचे, हा उपाय इथे तितका भरवशाचा नाही.

सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प हा मासा तळ उकरून अन्न शोधतो. गाळ ढवळला जातो, त्यातला, शैवालाला पोसणारा फॉस्फरस वर येतो, पाणवनस्पती उपटल्या जातात आणि त्यांच्या आडोशाला राहणारी पिल्ले उघडी पडतात. चिलापी म्हणजे तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात जपते, म्हणून त्याला चढणीची गरजच नाही. लहान तळ्यात तो झपाट्याने माजतो आणि चढून विणारे देशी मासे मागे पडतात.

उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरते, मासे आकसलेल्या पाण्यात दाटतात आणि शिकाऱ्यांची चंगळ होते. मरळ हवेतला प्राणवायूही घेऊ शकते, त्यामुळे ती आटत्या डबक्यातही तग धरते. पावसाळ्यात कडेच्या गवताळ पाण्यावर नारिंगी-तांबूस पिल्लांचा पुंजका खालीवर होताना दिसला, तर त्याखाली राखणीला थांबलेली मरळ असते. या वयात पिल्लांचे खाणे प्राणिप्लवक. पुढे किडे आणि झिंगे, आणि मोठी झाल्यावर बेडूक आणि मासे.