मराठवाड्याच्या उन्हाला पुरून उरणारी गोकर्ण

नर्सरीतून हौसेनं आणलेली निळ्या फुलांची थंड हवेतली रोपं आपल्याकडच्या मे महिन्यात टिकत नाहीत, पारा 42 च्या वर गेला की संपलं. त्यापेक्षा गोकर्ण लावा. एकदा लागली की वर्षानुवर्षं राहते, आणि दिवसभर ऊन पडतं ती जागा तर तिला सगळ्यात जास्त आवडते, सावलीत नुसती पानं वाढतात, फुलं कमी.

हिची खरी गंमत जमिनीखाली आहे. सोटमूळ खोल जातं, त्यामुळं पाणी तुटलं की वेल वरून वाळते पण मूळ जिवंत असतं आणि जूनचा पहिला पाऊस झाला की खालून परत कोंब फुटतात, म्हणून वाळली दिसली तरी लगेच उपटू नका. ही तूर-हरभऱ्याच्या कुळातली, मुळांवर गाठी असतात आणि त्यात रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. गाठ कापून बघा, आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. मग युरिया कशाला टाकायचा? उलट त्यानं गाठी कमी होतात. आपली भारी काळी माती पण हिला चालते, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या चिकण जमिनीत तर चारा म्हणून पेरतात हिला. फक्त आळ्यात पाणी साचून राहू देऊ नका.

बी कडक असतं, पॉलिश पेपरवर जरा घासून रात्रभर भिजवा आणि मग लावा, नाहीतर कितीतरी दिवस नुसतं पडून राहतं. कंपाउंडच्या जाळीवर चढवली की झालं.

आता निळा रंग. वांग्याच्या सालीत डेल्फिनिडिन नावाचं जे रंगद्रव्य असतं तेच इथंही आहे, पण त्याला साखरेच्या आणि इतर रेणूंच्या लांब फांद्या जोडलेल्या असतात, त्या रंगाच्या गाभ्यावर दुमडून बसतात आणि पाण्यापासून त्याला जपतात, म्हणून निळा टिकतो. अशा फांद्या जोडलेल्या या रंगद्रव्याला टर्नाटिन म्हणतात. फुलं गरम पाण्यात टाका, निळं पाणी होईल, त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. पोरांना हे नक्की दाखवा. अमेरिकेत 2021 मध्ये हा रंग खाण्याच्या पदार्थांत वापरायला परवानगीसुद्धा मिळाली.

शेंगा मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नका, बिया आणि मुळं पोटात गेली तर जुलाब होतात.